माठ थंडा होईपर्यंत

बसा वं, दाराशी काऊन उभ्या राह्यल्या. पंचफुले, तू त पहिले सीधी चुलीपाशी येऊन बसे, आता उंबरठ्यावर काऊन? सरक अंदर. वच्छले, तूबी. मी काई तुमाले बांधून ठेवत नाई. आयका फक्त, अन मधात बोलू नोका. मधात कोणी बोललं का माहं डोस्कं फिरते, मंग मी कुठून कुठं जाते.

वच्छले, तुह्या बहिणीचं लगन आता आलंच. मांडवाच्या बल्ल्या येऊन पडल्या तुह्या अंगनात, म्या पायल्या. पण आनंदामावशीले सांगावा नाई आला. दर लगनाले तुह्या घरून पहिला सांगावा माह्या मावशीले येते, बामनाच्याबी आंधी. का आनंदाबाई, लांब पोळ्या तुमच्याच हातच्या पायजे. यंदा नाई आला. काऊन नाई आला ते मले मालूम हाय, तुलेबी मालूम हाय. पण तुले जे मालूम हाय ते गावानं सांगितलेलं. मी होती तथी. माह्या तोंडून आयक, अन मंग घरी जाऊन तुह्या बाबाले सांग. बाबाराव काय म्हणते ते म्हणू दे. पण सांग.

हा पाय माहा हात. पाय ना, तोंड काऊन फिरवते. हे कोपराच्या खोबणीत, हे मनगटावर, अन हे बोटायच्या बेचक्यात. इसब म्हणते याले. शाळंत होती तवापासून हाय. हिवाळ्यात गुमान राह्यते, होळी जळली का उठते. पहिले नुसती खाज. मंग चामडी लाल. मंग बारीक बारीक पाण्याचे फोड, ते फुटले का चिकचिक, मंग खपली, मंग भेगा. अन खाज अशी का वाटते खराटा घ्यावा अन घासून काढावं. झोपीत खाजवून खाजवून रगत काढते म्हणून माय माह्या हाताले जुन्या धोतराची चिंधी बांधून देते. सगळ्या गावाजवळ इलाज हाय याचा. करंजीचं तेल लाव. निंबाचा पाला उकळ. गंधक खोबऱ्याच्या तेलात खल. अन वांगं खाऊ नको. जो येते तो हेच सांगते, वांगं खाऊ नको. आपल्या अल्लीपुरात जलमून, जथी वांग्याबिगर पंगत होत नाई, लगनाच्या पंगतीत बसून, मी वांग्याची भाजी बाजूवालीच्या पत्रावळीत टाकते, किती वरसं झाले. वांगं सुटलं, इसब काई सुटला नाई.

हसू नको पंचफुले. हसाची गोठ पुढं नाई.

अन काम कोणतं भेटलं मले? हेच. तुमाले वाटते पोळी म्हणजे पोळपाट घेतला अन लाटली. आमच्या कामात पोळपाट नाई, लाटणं नाई, जे हाय ते हात. कनीक अशी सैल, मिठाच्या पाण्याचे शिपके मारत परातीत आपटत राह्याची, आपटत राह्याची, तार निघेपर्यंत. मंग गोळा उचलाचा अन दोन्ही हातावर झुलवाचा. ह्या हातावरून त्या हातावर, पार कोपरापर्यंत, तो लोंबते, पातळ होते, इतका पातळ का पलीकडचा मांडव दिसावा, अन झपकन उलट्या माठावर टाकाचा. माठाखाली कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या भडभड पेटून राह्यल्या. आता तूच पाय. जथी इसब, तथीच कनीक. तथीच मीठ. तथीच आच. बाही चालत नाई, चिंधी चालत नाई, बांगड्याबी चालत नाई. दुसऱ्या बाईले कुठं काई झालं त पदराखाली घेते. मी सगळ्या सोयऱ्यायसमोर कोपरापर्यंत उघडे हात घेऊन उभी.

म्हणून मावशीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. म्हणे, रुखमे, ज्या दिवशी हात ओला असंल, फुटला असंल, त्या दिवशी कनकीले शिवाचं नाई. जाळ पाहाचा. सुका असला, चामडी मिटली असली, तरच माह्या बाजूले उभं राह्याचं. देवाशपथ सांगते, म्या हे कधी मोडलं नाई. सक्काळी उठून पहिले हात पाहाचा अन मंग ठरवाचं आज कोण होऊ, पोळीवाली का जाळवाली. कधी कधी त मीच म्हणे, मावशे, आज मी जाळावर. कोणी मले विचारलं असतं त सांगितलं असतं. विचारलंच नाई कोणी. हेच त माहं डोस्कं फिरवते.

मावशीले लेकरू नाई, मालूम हाय तुमाले. मावसा गेला तवापासून तिचा संसार म्हणजे तो माठ. कुंभारानं खास घडवलेला, जाड बुडाचा, इतक्या वरसाच्या जाळानं पिकलेला. नवा माठ आणला त त्याच्यावर पोळी चिकटते, फाटते, दोन दोन वरसं त्याले समजत नाई आपुन कायसाठी हाय. मावशी म्हणे, माह्यानंतर माठ तुहा. तिच्या घुडघ्यात आता दम नाई, तुमी पायता. म्हणजे मी उभी राह्यली त काम चालते, नाई राह्यली त माठ फळीवर जाते. एवढंच हाय. यापेक्षा जास्त मले काई पायजे नव्हतं.

मंग ते जीपवाले आले. चैतात.

जीप पायल्याबरोबर अर्धे माणसं वावराकडं पळाले, आठवते ना? आणीबाणीत नसबंदीवाले आलते तशेच हेबी आले म्हणून. तुहा काका त पऱ्हाट्यायच्या ढिगामांगं जाऊन बसला होता, वच्छले, दिवस बुडेपर्यंत निंगाला नाई. अन आले होते कोण? रगतपिती तपासणारे. आपल्या वर्धा जिल्ह्यात कोणाच्या आंगावर चट्टा दिसला का पहिले तेच डोस्क्यात येते. दुसऱ्या मुलखात म्हणत असतीन उन्हानं झालं, घामानं झालं. अथी सीधं महारोग.

मारोतीच्या पारावर सगळ्यायले बसवलं. पाठी दाखवा, हात दाखवा. मी त त्या दिवशी आपल्याच गल्लीतल्या बारशाच्या पोळ्या टाकून सीधी आलती, आंघोळबी नाई केली. हात माठाच्या आचेनं अजून फणफणून राह्यले होते. अन इसब जथी बसते तथी मांगं पांढुरके डाग राह्यते, हे पाय, हे. तो सर्वेवाला पोट्टा, नुकत्या मिशा फुटलेला, त्यानं ते डाग पायले अन त्याचं तोंडच बदललं. दोन काचेच्या नळ्या काढल्या, महारोगात चामडीले गरम-थंडं समजत नाई म्हणते. एकीत थंडं पाणी, एकीत थर्मासातलं गरम. मले म्हणे, "डोळे मीट. आता सांग, गरम का थंड?"

पहिली नळी लावली. म्या म्हणलं, थंडं.

दुसरी लावली. म्या म्हणलं, थंडं.

पुन्हा लावली. थंडं.

आता तूच सांग. सक्काळपासून गावभर फिरून त्याच्या थर्मासातलं पाणी कोमट झालं होतं. ज्या हातायनं मी लाल झालेल्या माठाच्या बीतभर जवळ जाऊन पोळी टाकते, निखारा उडून चिकटला त झटकून टाकते, त्या हाताले कोमट पाणी काय लागंन? मले ते थंडंच होतं. म्या खरं सांगितलं. खोटं बोलली असती, गरम म्हणली असती, त काईच झालं नसतं, घरी येऊन झोपली असती.

तो सगळ्यायसमोर म्हणे, "हिला गरम समजत नाही. संशयित आहे. बुधवारी दवाखान्यात ये."

म्या म्हणलं, "सर, मले रात रात खाज येते. न समजाले काय झालं?"

म्हणे, "ते डॉक्टर पाहतील."

संशयित म्हणजे काय ते पारावर कोणालेच मालूम नव्हतं. पण त्याचं तोंड सगळ्यायनं पायलं होतं. सांजंपर्यंत गावाले शब्दाचा अर्थ आपोआप समजला. बोरिंगवर मी पाणी भरलं का मांगची बाई दांडा राखेनं घासे. म्या पायलं हे. एक बाई नाई, सगळ्या. पंचफुले, खाली पाहू नको. तू आपली घागर घेऊन पलीकडच्या विहिरीवर जाऊ लागली होती, अन तिचं पाणी खारं हाय म्हणून तूच बोंबलत होती होळीपर्यंत. मी तुले काई म्हणून नाई राह्यली. मी सांगून राह्यली.

बुधवारची वाट कोण पाह्यते. मी दुसऱ्याच दिवशी बाबाले घेऊन एसटीनं वर्ध्याले गेली, चामडीच्या डॉक्टरीणबाईकडं. तिनं कापसाची वात केली, मनगटावर फिरवली, म्हणे समजते? म्या म्हणलं, समजते, अन आणखी खाज सुटून राह्यली. सुई टोचली. म्या हात वढला. मंग तिनं कोपराच्या मांगची, गळ्याची नस दाबून पायली, अन बसली आरामात. "महारोग नाही हा. इसब आहे. एकाचा दुसऱ्याला लागत नाही." बाबाच्या डोळ्यात पाणीच आलं. मले नाई आलं. मले त राग आला, का हे मले मालूम होतं, यासाठी वर्ध्याले यावं लागते?

मंग विचारते, काम काय करते. म्या सांगितलं. तिनं कपाळाले हात लावला. म्हणे, "पाणी, मीठ, पीठ, आच. सगळं याच्या वाईटाचंच. हे काम सोड, निम्मा आजार जाईल."

म्या म्हणलं, "बाई, तुमचे हात फुटले त डाक्टरी सोडसान काय?"

बाबानं मले कोपर मारलं. पण बाई हसली. म्हणे, "नाही सोडणार." मंग तिनं मलम देलं, म्हणे, काम झाल्याबरोबर साध्या पाण्यानं हात धुवाचे, साबन नाई, अन ओलसर असतानाच तेल लावाचं. तवापासून करून राह्यली. फरक हाय. पाय, आज चामडी मिटलेली हाय. पण गावात येऊन सांगितलं त लोकं काय म्हणे? मलम देलं ना, मंग काई तरी असंलच. मलम नसतं देलं त म्हणले असते, डाक्टरनंबी हात टेकले.

आता किसनरावच्या घरचं लगन. त्यायचा गडी सांगावा घेऊन आला का आनंदाबाईनं यावं, संगं दुसरी बाई आणावी. दुसरी. एवढंच. माहं नाव नाई घेतलं, पण मी तथीच तुराट्या फोडत बसली होती, तो माह्याकडं न पाहून बोलत होता.

तो गेला. म्या म्हणलं, "मावशे, तू काऊन नाई बोलली?"

म्हणे, "काय बोलू?"

"का हा इसब हाय. तुले मालूम हाय ना?"

"मालूम हाय."

"मंग?"

"मंग काई नाई. तू यंदा जाळ पाय. बाह्या खाली घे अन गुमान बस. लोकायचं तोंड आपुन धरू शकत नाई, रुखमे. मले त्या घरी पोळ्या टाकाच्या हाय. किसनरावच्या लगनात म्याच टाकल्या होत्या."

सर्वेवाल्याचा जितका राग नाई आला तितका त्या वक्ती मावशीचा आला. ती ते पाय, खाटंवर भिंतीकडं तोंड करून झोपली. झोपली नाई, आयकून राह्यली. आयकू दे. मावशे, आयक. तुह्या तोंडावरबी सांगितलं हाय म्या हे.

गेली मी. मनगटापर्यंत बाहीचं पोलकं घालून, वैशाखाच्या उन्हात, जाळापाशी. घाम बाहीच्या अंदर, खाज बाहीच्या अंदर, अन खाजवाचं नाई, कारन सगळे पाहून राह्यले. मावशी एकटी कनीक आपटे, एकटी झुलवे. तिचा घुडघा थरथरताना मले दिसत होता. दोन-चार पोळ्या निंगाल्या होत्या. तेवढ्यात किसनरावची माय आली, जिजाबाई. मले पायलं. मावशीले म्हणे, "आनंदे, हे पोट्टी काऊन आणली?"

मावशी म्हणे, "जाळावर हाय ती. कनकीले शिवली नाई."

म्हणे, "जाळाचा धूर लागते ना पोळीले."

धूर. आयका. माह्या हातानं लावलेल्या पऱ्हाटीचा धूर. मावशीनं पोळी उलटवली. मी उठून जाणार होती. खरं सांगते, मी उठली होती. अन उठल्यावर मांडवात मले कोण दिसलं? तोच. सर्वेवाला. सोयऱ्यायमधी बसून शरबत पिऊन राह्यला. किसनरावनं सरकारी माणूस म्हणून न्योता देला होता.

मी सीधी गेली. माणसायच्या बैठकीत. बायकायनं आ केला, करू दे. म्हणलं, "सर, जरा चला मांगं."

म्हणे, "काय झालं?"

म्हणलं, "तुमी मले जे केलं ते माह्या मावशीले करून दाखवा."

तो गडबडला. म्हणे, ही जागा नाही, नळ्या नाही माझ्याजवळ. म्या म्हणलं, लोटे हाय. किसनराव आला, जिजाबाई आली, तमाशा पाहाले अर्धा मांडव उठून आला. किसनराव मले हाकलूनच देत होता, पण जिजाबाईले वाटलं, आनंदाले काई निंगत नाई अन या पोट्टीचं तोंड बंद होते. म्हणे, "करा हो, करा. एकदाचं होऊन जाऊ द्या."

एक लोटा रांजणातला. एक लोटा आंघोळीच्या हंड्यातला, कोमट. मावशीचे हात पिठानं भरलेले, ते म्या धुतले. ती मले म्हणे, "काय करून राह्यली तू हे?" म्या म्हणलं, "डोळे मीट, मावशे."

त्यानं रांजणाचा लोटा लावला. मावशी म्हणे, थंडा.

दुसरा लावला. मावशी म्हणे, थंडाच हाय.

त्यानं पुन्हा लावला, दुसऱ्या हाताले लावला, कोपराशी लावला. मावशी म्हणे, "हा बी थंडा. किती डाव सांगू?"

तवा त्या पोट्ट्याच्या ध्यानात आलं. म्या त्याचं तोंड पायलं ना, त्याच्या ध्यानात आलं. तो माठाकडं पाहे, मावशीच्या हाताकडं पाहे, मंग माह्याकडं. अन म्हणे, "अहो, म्हणजे यांचे हात आचेला सरावले आहेत. म्हणजे त्या दिवशी हिचंही..." पण आयकते कोण. त्याचं तोंड उघडाच्या आंधीच जिजाबाई मांगं सरकली होती. म्हणे, "म्हणजे हिलेबी? बाई बाई, हिलेबी हाय?"

तो म्हणे, "नाही हो, तसं नाही, दोघींनाही नाही..."

"दोघींले हाय," कोणी तरी मांगून म्हणलं.

बस. झालं. मले वाटलं होतं का लोकं हसतीन, म्हणतीन, अरे हा, पोळीवालीच्या हाताले कोमट काय समजंन. त्याच मांडवात असे किती म्हातारे बसले होते का ज्यायनं आपल्या लगनापासून नातवाच्या बारशापर्यंत मावशीच्या पोळ्या खाल्ल्या. एकानं तोंड उघडलं नाई. एक जण त मिशीवर हात फिरवत थुंकाले बाहेर गेला.

किसनराव समोर आला. हात जोडले. हात जोडून म्हणे, "आनंदाबाई, तुमी राहू द्या. आता पुऱ्या तळून घेऊ."

मावशी उभीच. हात ओले. मले वाटलं रडंन. नाई रडली. वाकली, अन माठाखालच्या पऱ्हाट्या एक एक बाहेर वढाले लागली. वढली का मातीत इझवे, वढली का इझवे. किसनराव म्हणे, "जाळ काऊन काढता? माठ राहू द्या. मी रोहण्यावरून बाई बोलावतो, मोटरसायकल पाठवतो."

मावशी म्हणे, "माठ माहा हाय."

"हाव, पण आजच्या दिवस..."

"माठ माहा हाय, किसनराव."

आता गंमत पाय. तापलेला माठ उचलता येत नाई. पाणी मारलं का तडकते. थंडा होईपर्यंत बसा लागते, आपल्या आपल्यानं. तर आमी बसलो. दोघी. किसनरावच्या मांगच्या अंगनात, त्यायच्याच मांडवाच्या सावलीत, सगळ्यायच्या डोळ्यासमोर, माठ थंडा होईपर्यंत. ते आमाले जा म्हणू शकत नव्हते, अन आमी जाऊ शकत नव्हतो. बायका येत, दुरून पाह्यत, पदर तोंडाले लावत, जात. कढई चढली, पुऱ्याचं तेल तापलं. परातीतली कनीक तशीच पडली होती, मावशीनं सक्काळपासून आपटलेली, रेशमासारखी झालेली. गड्यानं काठीनं परात सरकवली, काठीनं, अन सगळी कनीक बैलायसमोर उलटी केली. टाकलेल्या पोळ्याबी. बैलायनं खाल्ली बरं. त्यायले काई झालं नाई, वावरात चालून राह्यले.

म्या बाह्या वर केल्या. म्हणलं आता काय लपवाचं. अन खाजवलं. सगळ्यायसमोर, मन भरून, कोपरापासून मनगटापर्यंत. मावशी म्हणे, "खाजवू नको, चिघळंन." अन आपला हात माह्या हातावर ठेवून देला. उचललाच नाई मंग. तसाच ठेवून बसली. इतक्या दिवसात ती माह्या बाजूनं एक शब्द बोलली नव्हती, त्या वक्तीबी नाई बोलली. पण हात ठेवला.

म्या विचारलं, "मावशे, तुले माहा राग आला?"

म्हणे, "आला." मंग दुसऱ्या हातानं माठाची आच पायली अन म्हणे, "तुहा कमी आला."

माठ थंडा झाला तवा वरात दाराशी आलती. पोत्यात गुंडाळला, चुंबळ केली, मावशी म्हणे मी घेते, म्या म्हणलं नाई, माह्या डोस्क्यावर दे. मांगच्या दारानं जा म्हणे कोणी तरी. मावशी मांगच्या दारानं गेली नाई. समोरून. बाजेवाले वाजवत होते, नवरदेव घोड्यावर, अन आमी दोघी माठ घेऊन मधातून. ते बिचारे परगावचे, त्यायले काय मालूम. त्यायनं बाजूले होऊन वाट देली, त्यायले वाटलं मानाचं काई असंल.

दुसऱ्या दिवशी तो सर्वेवाला पोट्टा घरी आला. अथीच, तू उभी होती ना पंचफुले, तथीच उभा राह्यला. म्हणे, "माझी चूक झाली, बाई. मी किसनरावांना सांगितलं, तुम्हा दोघींना काही नाही."

मावशी म्हणे, "मले काऊन सांगते, बाबू? मांडवात सांग."

मांडव त सुटला होता. तो बिचारा बल्ल्या मोजत बसते काय. गेला मान खाली घालून. त्याचा राग माह्या डोस्क्यातून उतरला आता. खरं सांगू, त्यानं एक डाव चूक केली अन कबूल केली. गावानं केली, ते कोण कबूल करंन? गाव त आपलं बरोबरच हाय. बोरिंगचा दांडा अजून घासून राह्यलं.

हे झालं सगळं. बस, सांगून झालं. आता हात धुते मी. पाय, साध्या पाण्यानं. हे तेल पुसलं. हे हात पाय, दोघीबी पाहा, कुठं ओलं हाय? कुठं फुटलं हाय? मावशे, तू उठून पाय अन सांग. सुका हाय ना? सुका हाय म्हणते. आयकलं? कनीक सक्काळीच आपटून ठेवली हाय. माठ केव्हाचा तापून राह्यला, तुमाले वाटलं मी तुमाले गरमीत काऊन बसवलं.

ही पाय. अशी जाते. अशी लोंबते. अन टाकली.

घे पंचफुले. हाव, दोन्ही हातानं घे, फाटंन. गूळ हाय, तूप हाय. बस. खाऊन राह्यली, पाय मावशे, ही खाऊन राह्यली. तोंड भाजलं तिचं. भाजू दे.

ही तुही, वच्छले. पदरात काऊन घेते? घरी जाऊन खाते म्हणे. घरी नाई. तुह्या घराच्या रस्त्यावर किती गायी बसते मले मालूम हाय.

काय म्हणली? जोरानं बोल. बाबारावनं पुरीवाला सांगून ठेवला, हिंगणघाटचा?

हाव. आयकलं म्या. मावशीनंबी आयकलं. मंग काय झालं? सांगून ठेवलेलं मोडता येते. न सांगितलेलं सांगताबी येते. मी तुले बाबारावशी भांडाले नाई लावून राह्यली. तू फक्त जाऊन एवढं म्हण, का बाबा, म्या रुखमीच्या हातची खाल्ली. बाकी काई नको बोलू. पण ते म्हणाच्या आंधी खावी लागंन ना. खोटं नाई चालत मले. म्या त्या पारावर खरं सांगितलं होतं, अन पाय काय झालं.

थंडी होऊन राह्यली. मोड एक तुकडा.

खाय. अथीच, माह्या समोर. मी पाहून राह्यली.